वही-पेन्सिल घेऊन बेसबॉल बघायला

सोमवार, जर्सी सिटी

जूनमध्ये भाच्याकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा निनादने फोनवर विचारलं, "मावशी, आधी नायगारा करायचा की वॉशिंग्टन?" मी म्हटलं, "मला ब्रुकलिनमधली एक कबर बघायची आहे." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "कुणाची?"

हेन्री चॅडविकची. बेसबॉलचा स्कोअर लिहायची रीत बसवणारा माणूस. माझी नोकरी बँकेतली, पण शनिवार-रविवार गेले ते आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्कवर, तंबूतल्या टेबलाशी स्कोअरबुक उघडून. कांगा लीगच्या दिवसांत सर आली की खेळाडू स्वतःचं डोकं झाकतात, स्कोअरर आधी वही झाकतो. त्या आमच्या वहीचा एक चुलत भाऊ अमेरिकेत राहतो, हे मला बँकेतून निवृत्त झाल्यावर कुठे कळलं. आणि त्याची गंमत अशी की तिथे सामन्याचा स्कोअर फक्त नेमलेला स्कोअरर लिहीत नाही. तिकीट काढून आलेला माणूसही लिहितो, मांडीवर कार्ड ठेवून, स्वतःपुरता. निदान लिहायचा. सगळे सांगतात की ही सवय आता संपत आली आहे, म्हणून म्हटलं, आहे तोवर बघून घेऊ.

निनादला बेसबॉलचं वेड आहे, पण ते सगळं फोनवरचं. जेवण झाल्यावर त्याने कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मैदान काढलं आणि मी त्यात आकडे भरले. चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरमागचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप ६, मग लांबचे तिघे डावीकडून ७, ८, ९. हे शर्टावरचे नंबर नव्हेत, जागेचे आहेत. माणूस बदलला तरी आकडा तोच. निनाद लहानपणापासून सामने बघतोय, पण हे त्याने कधी लिहून पाहिलं नव्हतं. थोडक्यात, त्याला खेळ येतो आणि मला लिहिता येतं. जोडी बरी जमली.

मंगळवार, होबोकन

होबोकन शेजारीच. वॉशिंग्टन स्ट्रीटने चालत अकराव्या रस्त्याच्या नाक्यावर गेलो. इथे एलिशियन फील्ड्स नावाचं मैदान होतं. १९ जून १८४६ रोजी निकरबॉकर क्लबने इथे न्यूयॉर्क नाइन नावाच्या संघाकडून २३-१ असा सपाटून मार खाल्ला. छापील नियमांनी दोन संघांत झालेला हा पहिला सामना, असं पूर्वी छातीठोकपणे सांगत. आता त्याआधीचेही दाखले निघाले आहेत आणि अभ्यासक भांडत असतात. मैदान केव्हाच गेलं. त्या भागात मॅक्सवेल हाउसचा कॉफीचा कारखाना होता, तोही १९९२ मध्ये बंद पडला. आता इमारती, बाळगाड्या आणि कुत्री फिरवणारी माणसं. नाक्यावर एक स्मारक आहे, ते वाचून झालं की होबोकन संपलं.

सामन्याची वही मात्र शिल्लक आहे. निकरबॉकरांच्या स्कोअरच्या वह्या नदीपलीकडे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपून ठेवल्या आहेत. निनादने फोनवर त्या पानाचं चित्र शोधून काढलं. मोजके रकाने: खेळाडूचं नाव, किती वेळा आऊट, किती रन, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात डेव्हिस नावाच्या गृहस्थांसमोर दंडाची नोंद आहे. शिवी दिल्याबद्दल सहा सेंट! मी नाक्यावर उभी राहून मोठ्याने हसले. आमच्या मैदानांवर शिवीला सहा-सहा पैसे जरी लावले असते, तर गळक्या तंबूंना कधीच नवं कापड आलं असतं.

बाकी पान तसं मुकं आहे. कोण किती वेळा आऊट झाला ते कळतं, कसा झाला ते कळत नाही. कुणी झेल घेतला, कुणी फेकला, काही नाही. इंग्लंडातल्या क्रिकेटच्या जुन्या वह्यांतही बरीचशी अशीच कंजुषी असायची. ती मोडणारा माणूस उद्या भेटणार होता.

बुधवार, ब्रुकलिन

आर गाडीने पंचविसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो आणि चढ चढून ग्रीन-वूडच्या दारात आलो. दार म्हणजे गॉथिक शिखरांची केवढी तरी उंच दगडी कमान, आणि त्या शिखरांत काटक्यांची ही मोठमोठी घरटी. त्यातून हिरवेगार पोपट ओरडत होते! मूळ दक्षिण अमेरिकेतले मंक पॅराकीट, इथे येऊन स्थायिक झालेले. ब्रुकलिनच्या स्मशानभूमीत दादरच्या चाळीतल्यासारखा पोपटांचा गोंगाट ऐकू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

१८३८ सालची ही जागा अफाट आहे. नकाशा घेऊनही बरंच चालावं लागलं. पण चॅडविकचा दगड लांबून ओळखू येतो, कारण त्याच्या डोक्यावर ग्रॅनाइटचा बेसबॉल आहे, शिवणीसकट. दगडावर ब्राँझमध्ये बॅटी वगैरे कोरल्या आहेत आणि जागेच्या कोपऱ्यांवर दगडी बेस बसवले आहेत. पायथ्याशी कुणीतरी खरे चेंडू ठेवून गेलं होतं, पावसाने फुगलेले. निनाद इतका वेळ फोनमध्ये होता, तो इथे मात्र दगडाभोवती एक फेरी मारून आला, पहिल्या बेसवरून सुरू करून.

हा माणूस १८२४ मध्ये इंग्लंडात एक्सेटरला जन्मला आणि बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर ब्रुकलिनला आला. सावत्र भाऊ एडविन तिकडेच राहिला. लंडनची गटारं आणि गरिबांची मरणं यांचा हिशेब मांडून १८४२ मध्ये ज्याने सरकारला हलवलं तो हाच एडविन चॅडविक. मोजणं बहुतेक घरातच होतं. हेन्री वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५६ मध्ये होबोकनला क्रिकेटचा सामना आटोपून परतताना एलिशियन फील्ड्सवर दोन क्लबांचा बेसबॉल चालला होता, तो बघत थांबला आणि तिथेच अडकला.

पुढे त्याने काय केलं, तर क्रिकेटच्या धावफलकावरून बेसबॉलचा छापील तक्ता बसवला. १८५९ पासून तो दिसू लागतो. त्यालाच हे लोक बॉक्स स्कोअर म्हणतात. आणि मैदानावर लिहायला एक लघुलिपी केली. एफ म्हणजे हवेतला झेल, एल म्हणजे फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका), के म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा मारण्याजोगे असून सोडलेल्या चेंडूंवर) आऊट. 'स्ट्रक'मधलं शेवटचं अक्षर के, म्हणून के. बाकीची बरीच अक्षरं गेली, के टिकला. त्याच्या यादीत एक डी पण होता, एका टप्प्यावर घेतलेल्या झेलाचा. हो, आपल्या गल्लीतलं 'वन टप आऊट' तेव्हा मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये राजरोस चालायचं! चॅडविकला त्याची चीड होती. सरळ झेल घ्या, असं तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला आणि शेवटी १८६४ च्या अखेरीस तो नियम निघाला. गल्लीतल्या मुलांपर्यंत त्याचं म्हणणं अजून पोचलेलं नाही.

त्याचं क्रिकेट एका बाबतीत बेसबॉलला महागात पडलं, असं मला वाटतं. पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. चॅडविकने विचार केला असणार स्कोअररसारखा: वाइडची धाव बॅट्समनच्या खात्यात कुठे जाते? अतिरिक्तमध्ये जाते. मग वॉकचं श्रेय बॅटरला कशाला? चूक तर पिचरची. १८८७ चा एक हंगाम वॉक हिट म्हणून, म्हणजे फटका मारून बेस मिळवल्यासारखा, मोजून पाहिला, सगळ्यांच्या सरासऱ्या फुगल्या आणि पुढच्या वर्षी तो प्रकार गुंडाळला. वाईट चेंडू सोडून देणारा धीराचा बॅटर किती मोलाचा, हे सांगणारा बेसवर पोचण्याचा टक्का अधिकृत आकडेवारीत यायला १९८४ उजाडलं. वहीत ज्याला रकाना नाही, ते डोळ्यांनाही दिसत नाही. स्कोअरर मंडळींनी हे ध्यानात ठेवावं, मी धरून.

पण त्याचं मोठं काम दुसरंच. दहा सेंटला मिळणाऱ्या वार्षिक पुस्तिकेत तो नियमांबरोबर स्कोअर लिहायची रीतही छापायचा. म्हणजे हे ज्ञान त्याने तंबूत ठेवलं नाही, वाचकाच्या हातात दिलं. १९०८ च्या एप्रिलमध्ये हंगामाच्या सुरुवातीला थंडीत सामना बघायला गेला, आजारी पडला आणि त्यातच गेला. वय त्र्याऐंशी.

गुरुवार, न्यूयॉर्क

संध्याकाळी शहरातल्या दोनपैकी एका मोठ्या मैदानावर गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढची गोष्ट कुठेही घडू शकली असती. आत शिरल्यावर पहिल्या दुकानात विचारलं, स्कोअरकार्ड कुठे मिळेल? तिथल्या पोराने हसतमुखाने भिंतीवरचा क्यूआर कोड दाखवला. दुसऱ्या दुकानात शंभर प्रकारच्या टोप्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्क बाईंना प्रश्न समजला तरी, पण त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या पिशवीत वही होतीच, म्हणून अडलं नाही.

एके काळी या कार्डावाचून अडल्याशिवाय राहायचं नाही. शर्टावर नंबरच नसत. यांकी संघाने १९२९ मध्ये कायमचे नंबर लावले, तेही फलंदाजीच्या क्रमाने, म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४. त्याआधी मैदानावर कोण कोण आहे हे कळायला कार्डच हवं. हॅरी स्टीव्हन्स नावाचा इंग्लंडहून आलेला एक माणूस १८८० च्या दशकात ओहायोत कार्डं विकायला लागला आणि त्या जोरावर पुढे मैदानावरच्या खाण्यापिण्याचा सम्राट झाला. आता समोर चारमजली पडदा आहे. त्यावर खेळाडूचं नाव, फोटो, गाव, सगळं येतं. कार्डाची पहिली गरज तिथेच संपली.

आता जरा चौकोन दाखवते. पानावर प्रत्येक बॅटरची आडवी ओळ, प्रत्येक इनिंगचा उभा रकाना, दोघांच्या छेदात एक चौकोन आणि चौकोनात फिकट रंगात छापलेला छोटा हिरा, म्हणजे चार बेसचं मैदान. पहिला बॅटर आला, त्याने चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने उचलून पहिल्या बेसवर फेकला, आऊट. लिहायचं ६-३ आणि कोपऱ्यात वर्तुळात १, पहिला आऊट. दुसऱ्याने सरळ फटका मारला आणि बेसवर गेला. खालच्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत हिऱ्याची एक कड गडद करायची. तो पुढे सरकेल तशा कडा भरत जायच्या. चारी भरल्या, तो घरी आला, की अख्खा हिरा काळा करायचा. त्या दिवशी तो काही घरी आला नाही. तिसऱ्याचा चेंडू पुन्हा शॉर्टस्टॉपकडे, तिथून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्यावर, दोघं एकदम गारद. ६-४-३. मैदानावर चाळीस हजार माणसं उठून ओरडत होती आणि माझ्या पानावर तीन आकडे आणि दोन रेघा.

मला राहून राहून आश्चर्य वाटलं ते या आकड्यांचं. आमच्या वहीत कव्हरवरच्या पोरीने झेप घेऊन चौकार अडवला तर तिथे एक टिंब पडतं. डॉट बॉल. टिंब बोलरच्या खात्यात जातं, पोरगी कुठेच नाही. रनआऊटमध्ये चेंडू कुणाकुणाच्या हातातून गेला, हे आम्ही कुठे लिहितो? बेसबॉलच्या वहीत ज्याचा हात चेंडूला लागला त्याचा आकडा येतोच. आकडे जागांना देणं चॅडविकनंतरचं, तो फलंदाजीच्या क्रमाचे आकडे वापरायचा. पण अडवणाऱ्याचीही नोंद झाली पाहिजे, हा आग्रह त्याचाच. क्रिकेटचाच माणूस! क्रिकेटमध्ये त्याला हे का सुचलं नाही कोण जाणे.

चेंडू भराभर पडत होते. २०२३ पासून पिचरमागे घड्याळ लावलं आहे: बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. त्या एका वर्षात सामन्याची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. मला पंधरा सेकंद भरपूर वाटले, आमचे स्पिनर त्याहून घाईत असतात. आसपास मात्र कुणाच्याच हातात पेन्सिल नव्हती. कठड्यावर पोरं के लिहिलेले पुठ्ठे टांगत होती, प्रत्येक स्ट्राइकआऊटला एक. बॅटर नुसताच बघत राहिला आणि तिसरा स्ट्राइक पडला तर के उलटा टांगायचा. ते बघून बरं वाटलं. पुठ्ठ्यावर का होईना, कुणीतरी मोजत होतं.

पुढच्या रांगेतले दोन मुलगे बराच वेळ मागे वळून माझ्या वहीकडे बघत होते. पाचव्या इनिंगला एकाने धीर करून विचारलं, "मॅम, तुम्ही कुठल्या संघासाठी खेळाडू हेरायला आलेल्या स्काउट आहात?" निनाद म्हणाला, "हो म्हण, मावशी, हो म्हण."

शुक्रवार, रस्त्यात

कॅट्सकिलचे डोंगर, पाऊस, डबे. दिवसभर गाडीत निनादशी वाद. त्याचं म्हणणं मी इमानदारीने मांडते. २०१५ पासून प्रत्येक मोठ्या मैदानावर चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटतानाचा कोन, धावणाऱ्याची गती, सगळं यंत्रं टिपतात आणि क्षणात फोनवर येतं. पेन्सिलीने यातलं काहीच टिपता येत नाही. "तू ६-३ लिहितेस तेवढ्यात माझ्याकडे पानभर माहिती येते." खरं आहे. माहितीसाठी लिहायचं असेल तर पेन्सिल हरली, यात वाद नाही. यांकींचा जुना शॉर्टस्टॉप फिल रिझुटो नंतर रेडिओ-टीव्हीवर बोलायचा. तो आपल्या वहीत कधी कधी डब्ल्यू डब्ल्यू लिहायचा. 'वॉझंट वॉचिंग', अर्थ, मी बघतच नव्हतो! यंत्राच्या वहीत असा चौकोन सापडणार नाही. निनाद म्हणाला, तोच तर मुद्दा आहे. मी म्हटलं, माझाही तोच आहे.

शनिवार, कूपर्सटाउन

जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, एक लांब तळं, आणि मुख्य रस्त्यावर दुकानामागून दुकान बेसबॉलचं. १९३९ मध्ये इथे हॉल ऑफ फेम, बेसबॉलमधल्या थोरांचं संग्रहालय, उघडलं. इथेच का, तर १८३९ मध्ये ॲब्नर डबलडे नावाच्या माणसाने या गावात बेसबॉल शोधून काढला अशी समजूत. ती समजूत ज्या समितीने पक्की केली, तिच्यामागे एका वादाची कथा आहे. चॅडविक म्हणायचा, बेसबॉल इंग्लंडातल्या राउंडर्सवरून आला, मी लहानपणी खेळलोय. क्रीडासाहित्याचा व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंगला ते मानवेना, खेळ अस्सल अमेरिकन पाहिजे. १९०५ मध्ये समिती बसली आणि एका म्हाताऱ्याच्या पत्रावर भिस्त ठेवून डबलडेच्या नावावर शिक्का मारला. प्रत्यक्षात डबलडे १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता. आता इथे हे सगळे मान्य करतात. डबलडेला हॉलमध्ये जागा नाही. चॅडविकला आहे, निवड १९३८ मधली, ब्राँझची पाटी, बॉक्स स्कोअरचा जनक म्हणून. जे गाव त्याला खोटं पाडून मोठं झालं, तिथेच त्याची पाटी लागली. यापेक्षा चांगला निकाल कुठल्या समितीने दिला नसता.

पाट्यांचं दालन बघायला लोक येतात, मीही पाहिलं. बेब रूथसमोर निनाद खूप वेळ उभा होता. मला मात्र सांगायचं आहे ते काल गाडीत अर्धवट राहिलेलं. निनादच्या फोनवर १९५० च्या दशकातल्या सामन्यांचंही चेंडूगणिक नाही तरी बॅटरगणिक वर्णन मिळतं. ते कुठून आलं? तेव्हा यंत्रं नव्हती. डेलावेअर विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारे डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये रेट्रोशीट नावाचं काम सुरू केलं. संघांच्या कपाटातल्या, वार्ताहरांच्या पोटमाळ्यावरच्या, साध्या प्रेक्षकांच्या जुन्या स्कोअरशीट मागवायच्या आणि स्वयंसेवकांनी त्या संगणकात उतरवायच्या. त्याआधी १९८४ मध्ये बिल जेम्स यांनी चाहत्यांनाच साद घातली होती, सामने वाटून घ्या आणि लिहा. म्हणजे ज्या माहितीपुढे माझी पेन्सिल हरली, तिचा मागचा अर्धा भाग पेन्सिलीतूनच आलेला आहे. मी हे सांगितल्यावर निनाद म्हणाला, "ओके, हा पॉइंट तुझा." अंपायरने चौकाराची खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची असते. मी दिली.

दुपारी डबलडे फील्डवर गेलो. विटांचं छोटंसं देखणं मैदान, शाळकरी मुलांचा सामना चालू होता. आत जायला कुणी अडवलं नाही. एका संघाच्या बाकामागे एक आई मांडीवर टॅबलेट घेऊन बसली होती, गेमचेंजर नावाच्या ॲपवर. तिची बोटं बघण्यासारखी होती. चेंडू पडला की एक टिचकी, फटका बसला की पडद्यावर तो कुठे गेला तिथे बोट ओढायचं, कुणी अडवला विचारलं की त्या मुलावर टिचकी. एकदाही तिने मान खाली घालून चेंडू चुकवला नाही. मी ओळख करून दिली, क्रिकेटची स्कोअरर. तिने जागा करून दिली. म्हणाली, मुलाचे आजी-आजोबा ॲरिझोनात आहेत, त्यांना हे तिथे लगेच दिसतं, आणि रात्री फोन करून आजोबा विचारतात, तिसऱ्या इनिंगला एरर, म्हणजे अडवणाऱ्याची चूक, का दिलीस, तो चेंडू अवघड होता. मला ती बाई आमच्यातलीच वाटली. कागद नसला म्हणून काय झालं? ती लिहीतच होती. मुंबईतही आता मोठ्या सामन्यांना लॅपटॉप आले आहेत, आणि चांगला स्कोअरर लॅपटॉपवरही चांगलाच असतो.

पण एक फरक राहतोच. बाकीचे पालक तिच्यावर सोडून मोकळे झाले होते. पूर्वी त्यातल्या चौघांकडे तरी वही असती.

रविवार, बॉस्टन

रात्री वूस्टरला मुक्काम करून दुपारच्या सामन्याला फेनवे पार्कमध्ये. १९१२ चं मैदान. जुन्या भागातल्या लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद की शेजाऱ्याशी ओळख करून घ्यावीच लागते. डावीकडे सदतीस फुटी हिरवी भिंत आणि तिच्या पायथ्याशी १९३४ पासूनचा हाताने चालणारा धावफलक. आत माणसं बसतात आणि फटीतून आकड्यांच्या लोखंडी पाट्या सरकवतात. फलकाच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यांवर टिंबं आणि रेघा आहेत: जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं, मोर्स लिपीत. एक पाटी बदलायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून बघत होते, तोच उजवीकडून आवाज आला, "आत हिवाळ्यासारखी थंडी असते नाहीतर भट्टी. मधलं काही नाही."

सत्तरीच्या पुढचे आजोबा, मेन राज्यातून आलेले. मांडीवर पुठ्ठा, त्याला चिमट्याने लावलेला कागद, आणि दोन टोकांची पेन्सिल, एक बाजू निळी, एक लाल. आऊट निळ्याने, हिट लालने. कागद घरच्या प्रिंटरवर स्वतः आखून छापलेला, कारण बाजारातल्या वह्यांत चौकोन लहान असतात म्हणे. माझी वही पाहिल्यावर त्यांनी काही न बोलता आपला पुठ्ठा थोडा माझ्याकडे तिरका केला. स्कोअरर लोकांत याला ओळख झाली म्हणतात. आमच्याकडेही दोन संघांचे दोन स्कोअरर असेच बसतात आणि षटक संपलं की एकमेकांत पुटपुटतात, टॅली करून घेतात.

त्यांच्या कागदावर काही ठिकाणी उद्गारचिन्हं होती. विचारलं, तर म्हणाले, हा झेल सुंदर होता म्हणून. मी थक्क. आमच्या वहीत कौतुकाला मुभाच नाही! एका जुन्या कागदाबद्दल त्यांनी सांगितलं, त्यावर पावसाचे डाग आहेत आणि एका चौकोनात मोहरीचा, आणि तो चौकोन कुठला सामना, कुठली इनिंग, हे त्यांना डागावरून आठवतं. नव्या नियमांवर त्यांचा एकच राग. २०२० पासून सामना नऊ इनिंगपुढे लांबला की प्रत्येक इनिंगला दुसऱ्या बेसवर एक माणूस आयता उभा करतात. "तो तिथे कसा आला, ते मी लिहू काय?" त्यांनी पुठ्ठ्यावर पेन्सिल आपटली. "हिट नाही, वॉक नाही, कुणाची चूक नाही. माझ्या कागदावर तो माणूस अनाथ आहे."

सहाव्या इनिंगला खरी मजा आली. एक सणसणीत फटका तिसऱ्या बेसकडे, ५ ने आडवी उडी मारली, चेंडू हातमोज्याला लागून उडाला, बॅटर बेसवर. हिट की एरर? हे ठरवायला वर पत्रकारांच्या कक्षात नेमलेला अधिकृत स्कोअरर बसतो. कसोटी अशी की साध्या प्रयत्नाने तो आऊट व्हायला हवा होता का. फलकावर एरर लागला. आजोबांनी फलकाकडे पाहिलं, नाकाने आवाज काढला आणि लाल टोकाने ठसठशीत हिट लिहिली. निनादने फोन पुढे केला, "सर, अधिकृत निकाल एरर आहे." आजोबा म्हणाले, "तो त्याचा कागद. हा माझा. शिवाय त्याला चोवीस तास आहेत, सुधारेल." निनाद हसला, आणि मग जे केलं ते मी बघून ठेवलं. त्याने फोन खिशात टाकला, माझ्या वहीतलं एक कोरं पान मागितलं आणि पुढच्या बॅटरपासून लिहायला लागला. आठ आकडे विचारून झाल्यावर नववा त्याने स्वतःच बरोबर लिहिला. नंतर बीअर आणायला जाताना पान माझ्याकडे देऊन गेला, पण जाताना बजावून गेला की माझ्या चौकोनात काही लिहू नकोस, मी आलो की विचारीन.

सातव्या इनिंगच्या मधल्या वेळात आजोबांनी विचारलं, क्रिकेटचं कसं लिहिता? मी पानामागे एक षटक काढून दाखवलं. सहा टिंबं, टिंबं जोडली की एम, मेडन. मग बोलरचं पृथक्करण, बॅट्समनची ओळ, अतिरिक्त, आणि शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे. बेरीज जुळण्याचं त्यांना फार आवडलं. त्यांच्याकडेही तसंच असतं: एका संघाचे फलंदाजीला येऊन गेलेले सगळे बॅटर म्हणजे झालेले रन, अडकून राहिलेले आणि आऊट झालेले यांची बेरीज. ते दर सामन्यानंतर गाडीत बसून जुळवतात, त्याशिवाय गाडी सुरू करत नाहीत.

"आणि हे पाच दिवस?"

"कसोटी असली तर. मध्ये जेवण आणि चहा."

"कितीजण लिहितात?"

मी सांगितलं, दोघं. दोन संघांचे दोन स्कोअरर.

आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि मैदान किती माणसांचं?"

"मुंबईचं तीस-बत्तीस हजारांचं. कोलकात्याचं त्याच्या दुप्पट."

"मग बाकीचे पाच दिवस करतात काय?"

"ओरडतात," मी म्हटलं. त्यावर ते इतक्या जोराने हसले की पुढचा बॅटर पहिल्याच चेंडूवर आऊट झालेला आम्हा दोघांनाही दिसला नाही. त्यांनी बिनदिक्कत चौकोनात डब्ल्यू डब्ल्यू लिहिलं. मी निनादला विचारून ४-३ लिहिलं.